डिसेंबरातलं वाळवण

२४ तारखेला संध्याकाळी शेजारच्या काकूंचा डबा आला. दरवर्षीच येतो. तीन खणांचा स्टीलचा डबा, झाकणावर काकांच्या नावाची ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, वरच्या खणात कुलकुल, मधल्यात करंज्या, खालच्यात बटर पेपरात गुंडाळलेले प्लम केकचे चार तुकडे. काकूंकडे नाताळाला अख्खा फराळ होतो, चकली अनारसे सगळं, त्यामुळे लहानपणी माझी पक्की समजूत होती की यांच्याकडे दिवाळी महिना दीड महिना उशिरा येते आणि मी मनातल्या मनात त्यांचा हेवा करायचो, कारण आपली संपल्यावर यांची चालू.

आता डबा आला की तो रिकामा परत द्यायचा नसतो, हा आमच्या घरातला कायदा आहे. साखर तरी घालायची चिमूटभर. आईने आजवर त्या डब्यातून तिळाच्या वड्या पाठवल्यात, सांडगे पाठवलेत, एकदा काहीच नव्हतं तर हिरवी मिरची आणि दोन लिंबं. पण या वेळी मी आधीच जाहीर करून बसलो होतो की डबा मी भरणार. पंधरा दिवसांपासून मामाकडची काटोलची संत्री येऊन पडली होती, अर्धी पोती, आणि माझ्या डोक्यात पावलोवा होतं.

पावलोवा म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा आणि साखरेचा फेस करून तो मंद आचेवर भाजायचा, वरून कडक आतून मऊ असं काहीतरी होतं, त्यावर क्रीम आणि फळं. ज्या फेसाचं ते बनतं त्याला मरँग म्हणतात. मी दोन वर्षं त्याला मेरिंग्यू म्हणत होतो, एका बेकरीत काउंटरवरच्या पोराने मला सुधारलं, अगदी हळू आवाजात, माझी इज्जत राखून. नाव आलंय ते ॲना पावलोवा या रशियन नर्तकीवरून. १९२६ मध्ये ती ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला नाचायला गेली होती आणि तेव्हापासून तिच्या नावाचा हा गोड पदार्थ नक्की कुणी काढला यावर ते दोन देश भांडतायत, आपल्याकडे रसगुल्ल्यावरून बंगाल आणि ओडिशा भांडतात तसं. तिकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो म्हणून ते लोक वर उन्हाळी फळं घालतात, पॅशनफ्रूट, किवी, स्ट्रॉबेरी. बाई भारतातही येऊन गेली होती १९२२ मध्ये, आणि आपल्या नर्तक उदय शंकरला पुढे तिनेच आपल्याबरोबर रंगमंचावर घेतलं. म्हणजे अगदीच परकी नाही. तर ते क्रीम-किवी तिकडे राहू दे, नागपुरात डिसेंबरात दुसरं फळ शोधत फिरणं म्हणजे विहिरीशेजारी राहून बिसलेरी आणण्यासारखं आहे.

पण आधी माझा इतिहास सांगतो, म्हणजे आत्मविश्वास कशावर उभा होता ते कळेल. पहिल्यांदा मी हे केलं जुलैमध्ये. कुणीतरी व्हिडिओ पाठवला, रविवार होता, बाहेर धो धो पाऊस, मी म्हटलं करू. फेस झकास झाला, भाजलंही, ओव्हनमधून काढलं तेव्हा पांढरंशुभ्र, बायकोने फोटो काढला. अर्ध्या तासात त्याला घाम फुटला. खरंच घाम, वर मधासारखे थेंब, हात लावला तर बोटाला चिकटून धागा निघाला. संध्याकाळी चमच्याने खरवडून खाल्लं सगळ्यांनी, पोरगी म्हणाली बाबा हे गोड फेव्हिकॉल आहे. दुसऱ्यांदा फेसच आला नाही, पंधरा मिनिटं बीटर चालवला तरी ताकासारखं पातळच, कारण मी प्लास्टिकच्या भांड्यात केलं होतं आणि त्या भांड्यात आदल्या आठवड्यात लोणी कढवायला साय जमवली होती. प्लास्टिक कितीही घासा, तूप धरून ठेवतं. तिसऱ्यांदा लाईट गेली. त्याबद्दल काय बोलायचं.

तर २४ ला रात्री जेवणं झाल्यावर मी ओटा ताब्यात घेतला. आई डायनिंग टेबलाशी संत्री निवडत बसली होती, शाल गुंडाळून, पायात मोजे. थंडी बरी होती त्या दिवशी, रात्रीचे १०-११ अंश असतील. आई अंडी खात नाही आणि अंड्याची भांडी तिच्या भांड्यांत मिसळलेली तिला चालत नाहीत, त्यात परवा गुरुवार, मार्गशीर्षातला शेवटचा, त्यामुळे ती खरं तर पहारा द्यायला बसली होती.

"काय करून राहिला बाप्पा एवढ्या रात्री?"

"काकूंच्या डब्यासाठी."

"मंग ते भांडं वेगळं घासजो. आन् कढई माझी घेऊ नको."

अंडी मी दुपारीच फ्रीजमधून काढली होती. पिवळं पांढरं वेगळं करायचं ते अंडी गार असताना, तेव्हा बलक घट्ट असतो, फुटत नाही, पण फेटायचं मात्र पांढरं कोमट झाल्यावर, थंड असलं की फेस कमी चढतो. आणि आपल्या डिसेंबरातल्या स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलं म्हणजे ते कोमट झालं असं नाही, म्हणून मी वाटी दहा मिनिटं गरम पाण्याच्या पातेल्यात धरली. चार अंड्यांचं पांढरं भरलं साधारण १३० ग्रॅम. प्रत्येक अंडं आधी छोट्या वाटीत फोडायचं, मग मोठ्या भांड्यात टाकायचं, कारण चौथ्या अंड्याचा बलक फुटून आधीची तीन वाया गेली की माणूस वाईट बोलतो. बलकाचा एक थेंबही चालत नाही. त्यात फॅट असतं, आणि फेसाला फॅट म्हणजे दुधाला नासका थेंब. स्टीलचं पातेलं घेऊन मी ते आधी लिंबाच्या फोडीने आतून पुसून घेतलं.

पांढऱ्यात दहापैकी नऊ भाग पाणीच असतं, उरलेलं बहुतेक प्रथिनं. फेटल्यावर ती गुंडाळलेली प्रथिनं उलगडतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळी करून बसतात, बस, एवढंच आहे सगळं. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर चमचाभर घातलं की ती जाळी जास्त घट्ट आवळत नाही, नाहीतर जास्त फेटलं की ती स्वतःच पाणी पिळून टाकते आणि फेसाचे दहीदही गोळे होतात. आणि साखर त्या पाण्याला धरून ठेवते. साखर घेतली २२० ग्रॅम. बाजारची पिठीसाखर नाही घेतली, घरची साखर मिक्सरमध्ये दोनदा फिरवली, रवाळ बारीक होईल इतकीच. सगळी एकदम टाकायची नाही. आधी नुसतं फेटायचं, साबणासारखा फेस येतो, मग मऊ शेंडा येतो, बीटर उचलला की मान टाकतो तसा, तिथून पुढे एक एक चमचा साखर, मध्ये अर्धा मिनिट फेटायचं, परत एक चमचा. कंटाळा येतो. येऊ द्यायचा. मी घाई केली होती एकदा, साखर विरघळली नाही, मग भाजताना तीच बाहेर येऊन पाकाचे मणी होतात.

विरघळली की नाही ते बघायला फेस दोन बोटांत चोळायचा, कचकच लागली तर अजून फेटायचं. मी चोळत होतो तर आई म्हणाली, "अशीच पाह्यतात अनारशाची साखर." मला माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं तिचे अनारसे नुसते खाल्लेत.

मग शेवटी दोन चमचे कॉर्नफ्लोर चाळून हलक्या हाताने मिसळलं, त्याने आतला भाग मऊ राहतो. आणि पातेलं डोक्यावर उलटं धरलं. हे करावंच लागतं. पोरगी जागी असती तर तिने केलं असतं. काही पडलं नाही. आईने पहिल्यांदा संत्री खाली ठेवून नीट बघितलं.

अख्खा मोठा गोल न करता मी छोटी घरटी केली, आठ, डब्यात मावली पाहिजेत म्हणून. बटर पेपरवर चमच्याने ढीग घालायचा आणि मध्ये चमच्याच्या पाठीने खळगा. आमचा ओव्हन म्हणजे २८ लिटरचा साधा ओटीजी, त्याचा काटा १०० आणि १५० च्या मध्ये कुठेही उभा केला तरी तो स्वतःच्या मर्जीने चालतो, म्हणून आत एक वेगळा थर्मामीटर ठेवलाय. १५० ला तापवून घेतला, ट्रे आत गेला तसा ११० वर आणला, फक्त खालचा रॉड. सव्वा तास. दार उघडायचं नाही.

"भाजायला सव्वा तास?" आई म्हणाली. "केक तं अर्ध्या तासात होते."

मी तिला समजावायला लागलो की हे खरं भाजणं नाहीच, उष्णता इतकी कमी ठेवायची की रंग येऊ नये, नुसतं आतलं पाणी हळूहळू निघून जावं, आणि झाल्यावरही लगेच काढायचं नाही, ओव्हन बंद करून रात्रभर आतच राहू द्यायचं, सकाळपर्यंत ते आपलं आपण...

"हे तं वाळवण होय नं मंग," आई म्हणाली.

मी गप्पच झालो. मी या पदार्थावर पाच-सहा व्हिडिओ आणि बरेच लेख पालथे घातले होते, सगळे बेकिंग बेकिंग करत होते, आणि त्यामुळे मी जुलैमध्ये ते करायला गेलो. जुलैमध्ये कुणी कुरड्या घालतं का? आईला विचारलं असतं तर तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. कुरड्या, सांडगे, पापड, सरगुंडे हे सगळं ती एप्रिल-मेमध्ये गच्चीवर करायची, आम्ही पोट्टे राखणीला, ४५ अंशात ओला टॉवेल डोक्यावर घेऊन कावळे हाकलायचो, आणि कुरडई वाळली की नाही हे बघायला ती एक उचलून दुसरीवर टिचकीसारखी वाजवायची. तसंच आहे हे. जे पावसात झालं ते घाम फुटणं म्हणजे सादळणं. साखर हवेतलं पाणी ओढते, मरँग म्हणजे जवळजवळ साखरच, मग पावसाळी हवेत ते सादळणार नाही तर काय. पुण्यात अकरा वर्षं काढून मी परत आलो त्याला आता चार वर्षं होतील, नागपूरच्या कोरड्या हवेला मी ओठ फुटतात, टाचा फुटतात म्हणून शिव्याच घालत आलोय, इथे व्हॅसलीनची डबी खिशात घेऊन फिरावं लागतं थंडीत. त्या हवेत काही चांगलंही होत असेल असं डोक्यातच आलं नव्हतं.

आणि गंमत म्हणजे संत्र्याचंही तसंच आहे. दोनच दिवस आधी मामाशी फोनवर बोललो तर तो म्हणाला आता बागेला ताण देऊन राहिलो. शहरातल्या लोकांना ताण म्हटलं की डोकेदुखी आठवते, बागाईतदार ताण मुद्दाम देतात. डिसेंबरात फळ उतरलं की झाडाचं पाणी तोडायचं, महिनाभर कोरडं ठेवायचं, पानं जरा मलूल होतात, आणि मग जानेवारीत पाणी सोडलं की झाड एकदम फुलांवर येतं. आंब्याला मोहोर येतो त्याच सुमाराला म्हणून आंबिया बहार, त्याची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर. दुसरा मृग बहार, त्याचा ताण मेच्या उन्हात आपोआपच बसतो, पावसाबरोबर फूल, आणि फळ फेब्रुवारी-मार्चला, जास्त गोड. आमच्याकडे आलेली होती ती आंबियाची शेवटची, मामाने घरच्यासाठी झाडावर राखलेली. दिसायला काही खास नाहीत, साल डागाळलेली, एक-दोन तर हिरवट. पण अंगठा घातला की साल अशी सुटते जणू वाटच बघत होती. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ऑरेंज सिटी म्हणून बोर्ड लागलेत, बाहेरचा पाहुणा स्टेशनवर उतरला की पहिलं संत्रंच विचारतो, आणि मामा दरवर्षी फळगळीचा हिशेब सांगताना आवाज बारीक करतो. या वर्षी किती गळली ते मी विचारलं नाही. पोती पाठवली म्हणजे बरं असेल असं मी आपलं धरून चाललो.

चार बलक उरले होते, त्यांचं काय, तर संत्र्याचं कर्ड, म्हणजे दही नव्हे, रस आणि बलक शिजवून केलेलं घट्ट गोड क्रीम. संत्र्याचा रस अर्धी वाटी आटवून पाव वाटी केला, नाहीतर नुसतं गोडमिट्ट लागतं, एका लिंबाचा रस, साखर, बलक, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर दुसरं भांडं ठेवून ढवळत राहायचं, खाली वाफ लागली पाहिजे पाणी नाही. पळीच्या पाठीवर थर धरला की उतरवायचं, उकळी आली तर त्याची अंडाभुर्जी होते. मग थोडं लोणी आणि किसलेली साल, फक्त केशरी, पांढरा भाग कडू. हे सगळं दहा-बारा मिनिटांत झालं आणि खरं सांगायचं तर पूर्ण प्रकरणात मला सगळ्यात जास्त तेच आवडतं, पोळीला लावून खाल्लं मी नंतर.

क्रीमचा प्रश्न होता. दुकानात मिळतं ते फ्रेश क्रीम २५ टक्के फॅटचं, ते कितीही फेटा, घट्ट होत नाही, त्याला ३०-३५ टक्के तरी लागतं. तसं मिळतं इथल्या सदर बाजारात, पण अधिवेशन संपून बॅरिकेड निघाले तरी नाताळच्या आदल्या संध्याकाळी सदरमध्ये गाडी घालायची माझी हिंमत नाही. मग चक्का. आईने सकाळीच दही बांधून ठेवलं होतं नळाला, कुणी सांगितलं नव्हतं, तिला वाटलं मी श्रीखंड करणार. चक्क्यात अगदी थोडी साखर आणि वेलची नाही. वेलचीवरून थोडं वाजलं आमचं, पण संत्र्याच्या वासावर वेलची बसली की संत्रं ऐकूच येत नाही, असं माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे. मरँग इतकं गोड असतं की त्याला आंबट चक्काच हवा, क्रीमपेक्षा हे बरं लागतं, ऑस्ट्रेलियावाल्यांनी करून बघावं.

आता राहिला आईचा प्रश्न. ती रात्री अकरा वाजता माझ्याबरोबर जागी, संत्र्याच्या फोडी सोलतेय, वरचे पांढरे दोरे काढून, मग फोडीच्या पाठीवर सुरीने चीर देऊन आतला गर अख्खा बाहेर, एकही तुटत नाही तिच्याकडून, बिया वेगळ्या, रस गाळून वेगळा कारण ओल्या फोडी ठेवल्या की घरटं विरघळतं, आणि जे होणार ते ती खाणार नाही. बरं नाही वाटलं. बायकोने दुसऱ्या दिवशीसाठी छोले शिजवून ठेवले होते, आणि मला आठवलं की काबुली चण्याच्या पाण्याचाही असाच फेस होतो. जोएल रोसेल नावाच्या एका फ्रेंच माणसाच्या २०१४ मध्ये हे लक्षात आलं म्हणतात. आईला सांगितलं तर म्हणाली, "कट. कटाची आमटी करतो तो कट." तोच. फक्त पुरणाच्या डाळीचा नाही, छोल्यांचा. मीठ घातलेलं नव्हतं नशिबाने. तो आटवला, थंड झाल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखा गळगळीत, एका अंड्याला साधारण दोन-तीन चमचे धरायचे. नवीन धुतलेलं भांडं, धुतलेला बीटर, आईसमोर. याला वेळ जास्त लागतो, दहा-बारा मिनिटं फेटलं, पण फेस आला, आणि कच्चा असताना किंचित चण्याचा वास येतो तो वाळल्यावर जातो. दोन घरटी झाली. वेगळ्या ट्रेवर. अंड्याची ओव्हनबाहेर निघेपर्यंत यांना थांबावं लागलं, म्हणून अंड्याची रात्रभर आत ठेवायची होती ती मी दीड तासाने काढून हवाबंद डब्यात टाकली आणि ओव्हन आतून पुसून कटाच्या दोघांना रात्रभर मुक्काम दिला. तत्त्वाला मुरड घातली म्हणा. त्या हवेत चालून गेलं.

सकाळी आईने स्वतः ओव्हनचं दार उघडलं. एक उचललं, नखाने वाजवलं. कोरडा टणक आवाज आला.

"वाळलं," म्हणाली.

काकूंचा डबा दुपारी गेला. खालच्या खणात घरटी, मधल्या खणात चक्का आणि कर्ड शेजारी शेजारी दोन वाट्यांत, वरच्यात फोडी, आणि पोरीच्या हस्ते निरोप की ऐन खाताना जोडा, आधी जोडाल तर लगदा होईल. काकूंनी खिडकीतून हात केला. नंतर त्यांचा फोन आला तो आईलाच, मला नाही, आणि आईने पंधरा मिनिटं त्यांना रेसिपी सांगितली, बोटांत चोळून बघायची साखर, कोरडी हवा, सगळं, जसं काही ती हे माहेरी काटोलला करत होती. अंड्याचा भाग आला की म्हणायची, "ते त्यालेच विचारा."

तिने तिचं एक खाल्लं २५ लाच. दुसरं उद्या उपास सुटल्यावर खाईन म्हणून झाकून ठेवलं, पण नुसतंच ताटलीखाली, डब्यात नाही. २६ ला सकाळी आभाळ भरून आलेलं, हवा दमट, आणि घरटं बोटाला चिकटायला लागलं. मी म्हटलं परत ओव्हनमध्ये घालतो दहा मिनिटं. ती ऐकायला थांबलीच नाही. अकराच्या सुमाराला ऊन पडलं तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलो तर तिकडे कठड्याजवळ जुन्या पाटावर स्टीलची ताटली, ताटलीत एकटं पांढरं घरटं, त्यावर पिठाची चाळणी पालथी, चाळणीवर वरवंटा, आणि पाटाभोवती मुंग्यांच्या खडूची जाड रेघ. बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत आई, महालक्ष्मीची पोथी हातात, एक डोळा पोथीत आणि एक समोरच्या वायरवर बसलेल्या कावळ्यावर.